साडूचं वाजणारं इंजिन

मला माझ्या साडूचा हेवा वाटतो. हे सुरुवातीलाच सांगून टाकतो, म्हणजे पुढं वाचताना कुणी माझ्याबद्दल उगाच चांगलं मत करून घ्यायला नको. पोटात दुखलं की लोक ओवा खातात. माझं दुखणं ओव्यानं जाणारं नाही. ते गेली दहा-बारा वर्षं आहे, आणि रेसच्या गाडीचं इंजिन मी आयुष्यात पहिल्यांदा बांधलं ते याच दुखण्यापायी.

माझं चिखलीला गॅरेज आहे. छोट्या पेट्रोल गाड्या, व्हॅन, काळीपिवळ्या असलं सगळं काम. ज्या उस्तादांकडं मी शिकलो त्यांच्याकडंच माझा साडूही शिकला, पण माझ्यानंतर दोन वर्षांनी आला. पाना कसा धरायचा, बोल्टाला घाम फुटेस्तोवर जोर का लावायचा नाही, डिझेलात धुतलेला पार्ट कापडानं न पुसता वाऱ्यावर का सुकवायचा, हे त्याला मी सांगितलं. पुढं माझं लग्न उंद्रीला झालं. मेहुणीसाठी स्थळं पाहणं सुरू झालं तेव्हा सासऱ्यांना मीच म्हणालो, आमच्या गॅरेजात एक पोरगा आहे, सुपारीचंही व्यसन नाही आणि हात फार चांगला आहे. 'हात फार चांगला आहे' हे माझेच शब्द. कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ म्हणतात. इथं दांडाही मीच आणि गोतही मीच.

लग्नानंतर वर्षभरात तो कोइमतूरला गेला. तिथं रेसच्या गाड्यांची कामं करणाऱ्या एका वर्कशॉपात पाच वर्षं राहिला आणि परत येऊन त्यानं खामगावला दुकान टाकलं. दुकान कसलं, दवाखाना. फरशी पांढरी, टेबलावर पांढरं कापड, आणि हा हातात निळे रबरी मोजे घालून नटबोल्ट लावतो. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मी म्हणालो, "काऊन बे, बाळंतपण करून राह्यला काय?" तो हसला. त्याचं हे हसणंही मला आवडत नाही. चिडत नाही तो. माणसानं थोडं तरी चिडावं.

मग त्यानं बांधलेल्या इंजिनाची गाडी जालन्याच्या पुढं एका माळावर मातीतल्या शर्यतीत पहिली आली. पेपरात फोटो आला. मेहुणीनं तो घरच्या ग्रुपवर टाकला. सासूबाई तोपर्यंत त्याला 'धाकले जावई' म्हणत, त्या दिवसापासून नुसतं 'आपले जावई' म्हणायला लागल्या. मी मोठा, मी आधीचा, आणि मी आता कुणाचा कोण ते कळेना. बायकोनं फोटो दोन बोटांनी मोठा करून पाहिला. मी विचारलं, एवढं काय आहे त्यात? ती म्हणाली, "काही नाही, बहिणीची साडी पाहून राह्यली." साडी फोटोत कोपऱ्यात होती. माझा विश्वास बसला नाही.

सगळ्यात झोंबलं ते वेगळंच. आमचे उस्ताद सत्तरी ओलांडलेले, गुडघे गेलेले, सहसा घराबाहेर पडत नाहीत. ते एसटीनं खामगावला जाऊन त्याचं इंजिन पाहून आले. माझ्या गॅरेजवरून गेले आणि मला सांगितलंही नाही. चहावाल्यानं सांगितलं तेव्हा मला कळलं.

अधिक महिना आला. आमच्याकडं अधिकात जावयांना धोंड्याच्या जेवणाला बोलावतात, पाटावर बसवून ओवाळतात, तेहतीस अनारशांचं वाण देतात. आम्ही दोघं शेजारी शेजारी पाटावर. कपडे सारखे, अनारसे सारखे, दिवासुद्धा सारखाच चांदीचा. मी नजरेनं मोजलं, खोटं कशाला बोलू. फरक एवढाच होता की तो ती रेसची गाडी घेऊन आला होता. एकेकाळी तालुक्यातल्या प्रत्येक डॉक्टरकडं असायची ती चौकोनी छोटी गाडी. गल्लीतले लोक तिच्याभोवती जमले होते, आणि माझी व्हॅन तिच्यामागं उभी होती.

जेवणं झाली, वामकुक्षी झाली, दुपार कलली. जाताना त्यानं गाडी चालू केली. इंजिन थंड झालेलं होतं. आतून आवाज यायला लागला, टक टक टक टक. माझा कान त्या आवाजात मुरलेला आहे. पिस्टन सिलिंडरमध्ये सैल असला की तो भिंतीवर आपटतो, त्याचा हा आवाज. आमच्या गॅरेजात असा आवाज करणारं इंजिन बाहेर गेलं असतं तर उस्तादांनी पाना फेकून मारला असता.

मला इतका आनंद झाला की काय सांगू. मी सासऱ्यांना आणि जमलेल्या सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणालो, "बुवा, ऐका. रेसचं इंजिन खलबत्त्यावानी वाजून राह्यलं. याले आमच्याइकडं ढिलं काम म्हणतात."

सासरे शाळेत मास्तर होते. ते चष्म्यावरून पाहत म्हणाले, "मंग तुमी बांधसान काय असं इंजिन, न वाजणारं?"

सगळे माझ्याकडं पाहायला लागले. मी म्हणालो, "हाव. त्यात काय?"

साडूनं गाडीच्या खिडकीतून एवढंच म्हटलं, "गरम झाल्यावर वाजत नाही भाऊ." आणि खरंच, गावाबाहेरच्या वळणापर्यंत ती टकटक बंद झाली होती. पण तोवर मी ऐकायचं थांबवलं होतं.

हे ढिलं आणि घट्ट प्रकरण थोडं सांगितलं पाहिजे. आमच्या भागात फुल इंजिनचं काम करून घेतलेलं गिऱ्हाईक एकटं येत नाही. गाडीतलं काही कळणारा एक मामा नाहीतर मेव्हणा सोबत आणतं. तो मामा इंजिनाची पुली हातानं फिरवून पाहतो. सहज फिरली तर तोंड वाकडं करतो, 'ढिलं बांधलं'. फिरता फिरली नाही तर खूश. मग इंजिन चालू करायचं आणि वरच्या झाकणावर चहाचा भरलेला पेला ठेवायचा. सायीला सुरकुती पडली नाही तर काम पास. ही परीक्षा आमच्या उस्तादांच्या गॅरेजातूनच तालुकाभर पसरली. "बेटा," ते म्हणत, "इंजिन कसून बांध. ढिलं इंजिन अन् ढिली जबान, दोनीचा भरोसा नाही." पंचवीस वर्षं मी कसून बांधत आलो. एकाही चहाच्या सायीला सुरकुती पडू दिली नाही.

चिखलीत एक कृषी केंद्रवाले आहेत. माझं जुनं गिऱ्हाईक, त्यांच्या बियाण्याच्या व्हॅन पंधरा वर्षं मीच चालत्या ठेवल्या. चाळिशी उलटल्यावर त्यांना मातीतल्या शर्यतीत उतरायचा नाद लागला. साडूचीच गाडी पाहून त्यांनी तशीच जुनी गाडी घेतली, आणि इंजिन अर्थातच साडूकडं द्यायचं ठरवलं. मला कळलं तसा मी त्यांच्या दुकानात गेलो. खतांच्या पोत्यांमध्ये उभा राहून म्हणालो, "पंधरा वर्षं गाड्या माह्या हातच्या, अन् घोडा दुसऱ्याच्या दारात बांधता काय?"

ते भिडस्त माणूस. विचार करून म्हणाले, "ठीक हाय, तुमी बांधा. पण शर्यतीच्या आधी तुमच्या साडूनं एकदा पाहून घ्यायचं. आमच्या दोन दोस्तायलेबी गाड्या करायच्या हायत. हे इंजिन टिकलं तं त्या दोन्ही तुमच्याकडं. नाही टिकलं तं तिन्ही खामगावले."

म्हणजे एका इंजिनावर सगळं आलं. टिकलं तर उंद्रीच्या पाटावर मी मोठा जावई. नाही टिकलं तर जन्मभर तो 'आपले जावई' आणि मी सोबत आलेला.

पुढचे वीस दिवस माझ्या आयुष्यातले सगळ्यात चांगले दिवस होते, हे मात्र कबूल करतो. मी गॅरेज धुऊन काढलं. बायकोच्या जुन्या पांढऱ्या साडीचं कापड टेबलावर अंथरलं. साडूसारखं, हो. मोजे नाही घातले. हेडमधल्या, म्हणजे इंजिनाच्या वरच्या भागातल्या, हवेच्या वाटा छोट्या ग्राइंडरनं घासून आरशासारख्या केल्या. बोट आत घालून फिरवलं की कुठं खरखर लागू नये, एवढ्या. व्हॉल्व्ह त्यांच्या जागेवर पेस्ट लावून घासत बसलो, दोन्ही तळहातांत काठी धरून, ताक घुसळतात तसं. तिन्ही पिस्टनचं वजन एकसारखं पाहिजे असं वाचलं होतं, पण माझ्याकडं तेवढा बारीक काटा नव्हता. मी पिस्टन पिशवीत घालून ओळखीच्या सराफाकडं गेलो. दुकानात एक बाई मंगळसूत्राच्या वाट्या बघत होती आणि शेजारी मी काट्यावर पिस्टन ठेवतोय. जड निघाले ते आतल्या बाजूनं कानशीनं एकेक चिमूट घासले, पुन्हा नेले. चार खेपा केल्या. शेवटी तिन्ही अगदी सारखे भरले तेव्हा सराफच म्हणाला, "आता यायले डब्बीत देऊ काय?"

त्या दिवसांत कधी कधी दुपारच्या दुपार निघून जायची आणि साडूची आठवणही यायची नाही. काम असं लागलं की माणूस चांगला होतो. पण काम संपतं.

ते पिस्टन साधे नव्हते. आमच्या गाड्यांचे पिस्टन ओतीव असतात, हे ठोकून घडवलेले होते. पुण्याहून मागवले. सोबत इंग्रजी कागद होता, त्यात लिहिलेलं की पिस्टन आणि सिलिंडर यांच्यात चार थाऊ जागा सोडा. थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग. आमच्या छोट्या गाड्यांना आम्ही दीड सोडतो, फार तर दोन. चार थाऊ सुटलेली गाडी दारात आली तर आम्ही म्हणतो, हिचं इंजिन गेलं, खोला. आणि इथं हा कागद मला नवं इंजिन गेलेलं बांधायला सांगत होता.

मी कागद दोनदा वाचला. चार सोडले तर थंड असताना ते वाजणार, हे मला ताबडतोब कळलं. उंद्रीला ऐकलेली टकटक तीच होती. म्हणजे साडूचं काम ढिलं नव्हतं, कागदाप्रमाणं होतं. हेही त्याच क्षणी मला कळलं. इथं शहाण्या माणसानं चार सोडले असते. पण चार सोडायचे म्हणजे इंजिन चालू करायच्या दिवशी सासऱ्यांसमोर, उस्तादांसमोर माझंही इंजिन खलबत्त्यासारखं वाजणार. मग मी उंद्रीच्या गल्लीत जे बोललो होतो ते कुठं लपवू?

सिलिंडर कोरून देणाऱ्या बोरिंगच्या मशीनवाल्याला मी म्हणालो, दोन ठेव.

तो म्हणाला, "कागदावर तं चार हाय भाऊ."

"कागद आपल्याले शिकवते काय? दोन ठेव."

त्यानं दोन ठेवले.

इंजिन बांधून होत आलं तेव्हा साडूचा फोन आला. तो नेहमीसारखा अदबीनं बोलत होता. "भाऊ, पिस्टन घडवलेले हायत न? ते तापले की लय फुगतात. बोअरले किती सोडलं?"

मी सांगितलं, "चार."

हे खोटं मी का बोललो याचा मी पुष्कळ विचार केला आहे. दोन म्हटलं असतं तर त्यानं चूक काढली असती, आणि बरोबर काढली असती. मी पुन्हा खोललं असतं, चार केलं असतं, इंजिन टिकलं असतं. पण मग ते टिकलेलं इंजिन त्याचं झालं असतं. ज्याला मी पाना धरायला शिकवलं त्यानं मला आकडा शिकवावा, हे माझ्या घशाखाली उतरत नव्हतं. तो म्हणाला, "मंग काही काळजी नाही," आणि त्यानं फोन ठेवला. विश्वास ठेवला त्यानं, सरळ.

इंजिन चालू करायच्या दिवशी मी सगळ्यांना बोलावलं. सासरे आले, कृषी केंद्रवाले आले, उस्तादांना मी स्वतः गाडी घेऊन आणायला गेलो. साडूही आला, ठरल्याप्रमाणं. नारळ फोडला, किल्ली फिरवली. इंजिन एका झटक्यात लागलं आणि गुरगुरत राहिलं. टकटक नाही, खरखर नाही. चहाचा पेला मी स्वतः झाकणावर ठेवला. साय जशीच्या तशी. उस्तादांनी लांब पेचकस मागितला, त्याचं टोक इंजिनाला लावलं, मूठ कानाला लावली, डोळे मिटले. बराच वेळ ऐकलं आणि म्हणाले, "माशाल्ला."

त्या एका शब्दासाठी मी किती वर्षं थांबलो होतो ते मला तेव्हाच कळलं. माझे डोळे भरून आले. मी ग्रीस पुसायचं निमित्त करून तोंड फिरवलं.

साडूचा चेहरा मात्र उतरला होता. मला वाटलं, जळतोय. आपल्याला जे होतं तेच जगाला होत असणार, असं माझ्यासारख्याला वाटतं. तो जवळ आला आणि हळूच म्हणाला, "भाऊ, चारच सोडले न? थंडं असतानी थोडं वाजाले पाह्यजे व्हतं."

मी मोठ्यानं म्हणालो, "ज्याचं वाजते त्याले साऱ्यायचं वाजावं वाटते."

गॅरेज हसलं. सासरे हसले, कृषी केंद्रवाले हसले. साडू एकटाच हसला नाही. त्यानं पुन्हा विचारलं, "चार न?" मी म्हणालो, "सांगतलं न एकदा. खोटं बोलतो काय मी?" मी वयानं मोठा, नात्यानं मोठा. खोटा आहेस, असं तो मला सगळ्यांसमोर कसा म्हणणार?

शर्यत त्याच माळावर होती, जालन्याच्या पुढं. सोयाबीन निघालेलं, रानात सगळीकडं मळणीचं कुटार, म्हणजे भुसा, पसरलेलं. कृषी केंद्रवाले हेल्मेट घालून बसले, माझ्याकडं पाहून अंगठा दाखवला. सुटल्यावर पहिल्या फेरीत आमची गाडी तिसरी होती, दुसऱ्या फेरीत दुसरी. मी ओरडत होतो. पुढं फक्त एक गाडी राहिली होती, साडूनं बांधलेली. तिचा आणि आमच्या गाडीचा आवाज मला वेगळा ओळखू येत होता. आमचा वर चढत होता.

तिसऱ्या फेरीला लांब सरळ पट्ट्यावर आमच्या गाडीचा आवाज एकाएकी जड झाला आणि लगेच बंद पडला. पुढची चाकं जागच्या जागी थिजली. गाडी फरफटत आडवी झाली, एका बाजूला कलली, पलटते की काय असं वाटलं, आणि धुळीत उभी राहिली. मागून येणारी गाडी हातभर अंतरानं निघून गेली. मी जागेवर खिळलो होतो. पळत कोण गेला असेल? साडू. स्वतःची गाडी पहिली येत होती आणि तो पाठ फिरवून आमच्या गाडीकडं धावत होता. कृषी केंद्रवाल्यांना त्यानं धरून बाहेर काढलं. खरचटण्यापलीकडं त्यांना काही झालं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी माझ्या गॅरेजात इंजिन खोललं. कृषी केंद्रवाले होते, उस्ताद होते, आणि साडू खामगावहून आपलं मापाचं सामान घेऊन आला होता. हेड उतरवल्यावर सगळं दिसलंच. सिलिंडरच्या भिंतींवर आणि पिस्टनच्या अंगावर उभे ओरखडे, मांजरानं बोचकारल्यासारखे. साडूनं निळे मोजे घातले. सिलिंडरच्या तळाशी, जिथं पिस्टन पोचत नाही आणि भिंत जशीच्या तशी होती, तिथं माप लावलं. एकदा पाहिलं. पुसून पुन्हा लावलं. मी त्याच्या तोंडाकडं पाहत होतो. त्याला दोनचा आकडा दिसला ते मला दिसलं.

"काय झालं?" कृषी केंद्रवाल्यांनी विचारलं.

साडूनं माप डबीत ठेवलं आणि म्हणाला, "रेडिएटरच्या जाळीत कुटार बसलं. पाणी थंडं नाही झालं, म्हणून तापून जाम झालं. भाऊचं काम बरोबर हाय."

जाळीत कुटार होतं खरं. त्या दिवशी सगळ्यांच्याच गाड्यांच्या जाळीत ते होतं. उस्तादांनी एक पिस्टन उचलला, ओरखड्यावरून अंगठा फिरवला आणि खाली ठेवला. त्यांनी माझ्याकडं पाहिलं नाही.

कृषी केंद्रवाल्यांनी मोठा श्वास सोडला. "मंग यात तुमचा काय दोष भाऊ? माह्याच नशिबात कुटार. दुरुस्त करा. दोस्ताच्या दोन्ही गाड्याबी तुमीच करा."

घ्या. मला हवं होतं ते सगळं मिळालं. तिन्ही इंजिनं, नाव, सगळं. झाकली मूठ सव्वा लाखाची, ती झाकूनच राहिली होती. फक्त 'बरं' म्हणायचं होतं. आणि मी साडूकडं पाहिलं. तो मोजे काढत होता, शांतपणे, एकेक बोट सोडवत. त्याच्या तोंडावर उपकार केल्याचा भावसुद्धा नव्हता. हे इंजिन मी आता बांधलं असतं तर प्रत्येक फेरीला त्यानं दिलेल्या दानावर ते धावलं असतं. कौशल्यात तो माझ्यापुढं होताच. आता मोठेपणातही तोच पुढं. एवढंही मला ठेवायला तयार नव्हता माणूस.

माझ्या तोंडून निघून गेलं, "कुटार नाही. म्या दोन थाऊ सोडले. कागदावर चार व्हते. अन् यानं विचारलं तवा म्या खोटं सांगतलं."

लोकांना वाटेल, शेवटी माणसाला पश्चात्ताप झाला. नाही. मी खरं बोललो ते त्याचा मोठेपणा मला सहन झाला नाही म्हणून.

कृषी केंद्रवाल्यांना समजायला थोडा वेळ लागला. मग ते माझ्यावर नाही, साडूवर वळले. "तुमाले आत्ता माप घेतल्यावर माहीत व्हतं?"

साडू काढलेल्या मोज्यांची घडी करायला लागला.

"माहीत व्हतं अन् मले कुटार सांगतलं? पुन्हा त्याच इंजिनात बसवत व्हते मले? गाडी पलटली असती तं माह्या लेकरायले कोण सांगतलं असतं, कुटार व्हतं म्हणून? तुमी दोघं साडू साडू एकमेकाले सांभाळान, अन् मधात मी मरू काय?"

त्यांचं चुकत नव्हतं. दुपार व्हायच्या आत त्यांनी टेम्पो बोलावला, इंजिन चढवलं, गाडीही नेली. तिन्ही गाड्या पुण्याला जाणार असं जाताना सांगितलं. साडू दारात उभा होता, हातात ती मापाची डबी. तो एवढंच म्हणाला, "भाऊ, कायले सांगतलं?" त्यानं उस्तादांना हात देऊन उठवलं, गाडीत बसवलं आणि घरी सोडायला घेऊन गेला.

तीनच्या सुमारास आम्ही नवरा-बायको जेवायला बसलो. बायकोचा फोन वाजला, तिची बहीण होती. बायको बराच वेळ नुसती ऐकत होती. मग फोन ठेवून म्हणाली, "ते कृषीवाले खामगावच्या लोकायलेबी सांगून राह्यले, तुमचा साडू खोटं माप सांगते म्हणून. केलं तुमी, अन् नाव गेलं त्यायचं. बहीण रडून राह्यली. त्यायनं तं तुमाले झाकलं व्हतं. तुमाले काय भेटलं यातून?"

मी भाकरी मोडत होतो. तिच्याशी तरी खोटं बोलू नये असं वाटलं.

"तो खाली आला," मी म्हणालो.

तिनं माझ्याकडं पाहिलं. मग ताट उचललं आणि आत जाऊन चुलीपाशी पाठ करून जेवली.